पुलाखालची होडी

युद्धात सांगके नदीच्या धुक्यातून यायची, तीच हाक: “चला, पैलतीरी!” नव्या पुलाचा कठडा रंगवता रंगवता विचेत नावाचा शिपाई थबकला. खाली म्हाताऱ्या सारोनच्या होडीत एकटी चान्थू बसली होती.

“चान्थू, सगळं गाव पुलावरून जातं,” सारोन म्हणाला.

“जाऊ दे. फौजेला पुलाच्या खांबांसाठी नदीचा घट्ट तळ तूच दाखवलास ना? स्वतःच्याच पोटावर पाय दिलास!”

“शिपाई पोरं चिखलात रुतत होती गं. आणि पूल उभा राहिला, तेव्हा कुठे वाटलं, युद्ध संपलं. उद्या होडी विकतो, लेकीकडे जातो.”

वल्हं थांबलं. पाणी तेवढं वाहत राहिलं.

“विकू नकोस.”

“का?”

“पलीकडे माझं काही काम नसायचं रे, सारोन. तेव्हाही नाही, आताही नाही.”