खपौदीची बस

गोरख्याहून पोखऱ्याला निघालेल्या बसमध्ये दिलमाया गुरुङच्या मागे एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांचं बोलणं तिला वाटभर ऐकू येत होतं.

"अहो, तळं बघून पोरीकडे जायचं ना?"

"नाही. नावेत बसायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, परत फिरायचं."

"मग तुपाचा डबा कुणाला?"

"देवीला."

"एवढा मोठा?"

"तू गप्प बस गं. कोळ्याच्या घरात गेली, तेव्हा विचारलं होतं आपल्याला?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

तेवढ्यात पोखरा आलं.

"बाबा, तळ्याला जायचं तर इथेच उतरा," कंडक्टर म्हणाला.

"आणि खपौदीची बस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पुढच्या चौकात मिळेल. पण तिकडे बघायला काही नाही, नुसती कोळ्यांची घरं."

"ठाऊक आहे. वडाच्या पुढे निळ्या दाराचं घर आहे."

"अहो! तुम्ही कधी गेला होतात?"

"दशैंच्या सणाला. तिला टिळा लावायला."

"मला तर काठमांडूला जातो म्हणालात! मग, लावलात?"

"अंगणात ती जाळं विणत बसली होती. पाय पुढे पडेना. तसाच परतलो."

"आणि आज पडेल?"

"म्हणून तर तुला आणलंय. चौक आला, ऊठ आता."