सुताराकडे गेलेलं दार

तिमो : खोटं बोलू नका. आपलं दार सुताराकडे नाहीये. ते खाली बंदरावरच्या नव्या गावात आहे. अंजीर विकायला गेले होते, माझ्या हातानं ठोठावून आले.

लुकोन : दारं काय, सगळी सारखीच असतात गं.

तिमो : खालचा कोपरा आपल्याच शेळीनं कुरतडलेला? आणि उघडलं कोणी, तर तुमच्या भावानं! वर विचारतो, "वहिनी, आलीस का राहायला?" महिनाभर मी इथे घोंगडी टांगून वाऱ्यात झोपतेय!

लुकोन : खाली भूखंड वाटत होते. म्हटलं, एक असावा. घर उभं राहिलं, दार तेवढं इथलं नेलं.

तिमो : आणि सभेत? "डोंगर सोडणारा बापाची हाडं विकणारा," असं कोण ओरडत होतं?

लुकोन : अगं, चाचे संपले. जहाजं खाली लागतात, बाजार खाली भरतो. इथे टाक्यात पाणी तरी उरलंय का?

तिमो : मग हेच सभेत सांगायचं होतं! चाच्यांच्या भीतीनं माझ्या बापानं एकेक दगड वर चढवून हा तट उभा केला. माझा भाऊ त्यातल्याच एका दगडाखाली गेला. तरी निघाले असते मी. रडत निघाले असते, पण सगळ्यांबरोबर.

लुकोन : सगळे एकदम उतरले असते, तर विहिरीजवळची जागा आपल्या वाट्याला आली असती?

तिमो : म्हणून थांबवलंत त्यांना.

लुकोन : तुझ्यासाठीच केलं ना!

तिमो : माझं नाव घेऊ नका. शेजारी फिलिन्नामावशी तुमच्या शब्दावर छपराची कौलं बदलून घेतायत. त्यांना खाली काय उरलंय?

लुकोन : दलदलीकडे आहे थोडी जागा. हळू बोल, अंगणातच आहेत त्या.

तिमो : ऐकू दे.

लुकोन : मी या गावचा मुखिया आहे, तिमो. लोक दगड मारतील.

तिमो : दगडांना इथे तोटा नाही.

लुकोन : नवऱ्याशी असं बोलतेस?

तिमो : बायकांना सभेत हात वर करता येत नाही. गाव सोडायचं नाही म्हणून तुमचा हात वर गेला ना, तेव्हा मला वाटलं, माझाच गेला. घरी येऊन तुम्हाला गोड करून वाढलं होतं मी.

लुकोन : झालं ते झालं. चल, ऊन उतरायच्या आत निघू.

तिमो : फिलिन्नामावशी! अहो, कौलं राहू द्या तशीच. जरा इकडे या. यांना तुमच्याशी बोलायचंय.