अकरा वाजून दहा मिनिटांची सूचना

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील संचालक साहेब, चौकशी समितीचे तिन्ही सन्माननीय सदस्य, पाणीपुरवठा कार्यालयातले माझे सहकारी, आज निवृत्त होणाऱ्या सूचना कक्षाच्या बाई, त्यांचे यजमान, त्यांची कन्या, आणि अगदी मागे दाराजवळ बसलेल्या डायलिसिस केंद्राच्या सिस्टर, सर्वांना नमस्कार.

प्रसिद्धी विभागाचा प्रमुख म्हणून चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आहे. भाषण मला लिहूनच मिळालं. त्यात ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द सहा वेळा आहे. सकाळी ते वाचलं आणि हात धुऊन आलो. ते खिशातच राहू दे.

बाईंना आपण मागून ‘घड्याळ’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात कोणी कुजबुजलं, “घड्याळ आलं.” बाई वळून म्हणाल्या, “चार मिनिटं पुढे आहे, चालवून घ्या.”

पण त्यांचं काम नेमकं काय होतं? इथल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. आपल्या संकेतस्थळावर सूचना लागतात. कुठे पाणी बंद, कुठे दाब कमी. रोज उठून ते उघडून बघणार कोण? म्हणून बाईंनी फीड सुरू केली. फीड म्हणजे एक साधी यादी. नवी सूचना वर, जुनी खाली, प्रत्येकीला एक क्रमांक आणि एक वेळ. ती आपण कोणाला पाठवत नाही. वाचकाचा फोन दर पंधरा मिनिटांनी आपणहून येतो, यादी बघतो, आपल्याकडे नसलेली सूचना उचलतो आणि जातो. तो नाव सांगत नाही, आपण विचारत नाही. तिच्यात जाहिरात नसते, संचालकांचा फोटो नसतो. त्यामुळेच बहुधा ती आपल्याला कधी आवडली नाही.

“वाचतं कोण ते?” मी विचारायचो.

“बेचाळीस जण.”

“कोण आहेत?”

“माहीत नाही. येतात, घेऊन जातात.”

“बेचाळीस माणसांसाठी एवढा खटाटोप?”

“पाणी तेवढीच माणसं पितात असं समजा साहेब, आणि सही करा.”

त्या बेचाळिसांत एक या सिस्टर होत्या. हे आम्हाला नंतर कळलं.

सात महिन्यांपूर्वी, त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला शुद्धीकरण केंद्राने पाण्यातलं जंतुनाशक वाढवलं. पिणाऱ्याला त्याने काही होत नाही. डायलिसिसच्या यंत्रात मात्र ते पाणी पातळ पडद्यापलीकडे, रुग्णाच्या रक्ताला लागून वाहतं. म्हणून सिस्टरना आधी कळावं लागतं. कळलं की त्या यंत्रं थांबवतात, पाणी तपासतात. बाईंनी सहा पस्तीसला मसुदा माझ्याकडे पाठवला. माझ्या सहीशिवाय सूचना लागत नाही. मी काय करत होतो? संचालक साहेबांच्या पुरस्काराचे फोटो निवडत होतो. हनुवटी कुठल्या फोटोत बरी दिसते, हा प्रश्न होता. बाईंनी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “बाई, पाणी कुठे पळून जातंय का?” सही केली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अकरा चौदाला सूचना सिस्टरच्या फोनवर होती. तोवर आठच्या पाळीतले सहाही जण यंत्राला जोडलेले असतानाच कुडकुडू लागले होते. त्यांतला एक शिंपी अठरा दिवस अतिदक्षता विभागात राहिला. वाचला. आता सुईत दोरा त्याची बायको ओवून देते.

दुपारी दोन वाजता मी सूचनेवरची वेळ पुसली आणि तिथे सहा पस्तीस लिहिलं. सांगणारे मंचावर आहेत. बोटं माझी होती.

बाई केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

“साहेब, वेळ बदललीत?”

“दुरुस्ती केली.”

“दुरुस्तीला नवा क्रमांक घालतात. म्हणजे ती नवी म्हणून सगळ्यांकडे जाते. तुम्ही जुन्यावरच लिहिलंत. ज्यांनी नेली त्यांच्याकडे अकरा दहाच आहे.”

“मग परत मागवा.”

“कोणाकडून? मला नावं माहीत नाहीत.” मग म्हणाल्या, “तुमचं जेवण झालं का?”

हा शेवटचा प्रश्न मला अजून गिळता आलेला नाही.

समितीसमोर सिस्टरनी आपला फोन ठेवला, त्यावर अकरा दहा होतं. समितीने संकेतस्थळ पाहिलं, तिथे सहा पस्तीस होतं, आणि मला विचारलं. मी म्हणालो, सूचना वेळेवर लागली होती, फीड बिघडलेली असावी. समितीने लिहिलं: बाईंच्या देखरेखीखालच्या फीडमधील दोषामुळे विलंब. एकोणतीस वर्षांच्या नोकरीचं शेवटचं पान ते आहे. त्यावर आपण आज फुलं ठेवली. फुलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहेत आणि आतून घामेजली आहेत. मघाशी ती देताना बाईंनी माझ्याशी हात मिळवला. तो हात मी अजून टेबलावर ठेवू शकत नाही.

बाईंच्या मुलीने मघाशी मला विचारलं, “काका, आईचं नक्की काय चुकलं?” मी म्हणालो, चहा घे.

आज सहा वाजता फीड कायमची बंद होणार आहे. त्या आदेशावरही माझीच सही आहे. म्हणून चार वाजून पाच मिनिटांनी, आपण सगळे इथे खुर्च्या धरत होतात तेव्हा, मी बाईंच्या जागेवर बसून एक सूचना लावली. तिच्यात अकरा दहा आहे आणि सहा पस्तीसही आहे. पुसणाऱ्याचं नाव आहे, सांगणाऱ्याचं पद आहे. ती मी जुन्यावर लिहिली नाही. नवा क्रमांक घातला.

संचालक साहेब, तंत्र विभागाला फोन लावताय, लावा. संकेतस्थळावरून ती काढता येईल. पण आता पावणेपाच झाले. बेचाळीस जण येऊन घेऊन गेले असतील. कोण, ते मलाही माहीत नाही.

सिस्टर, तुमच्याकडे आली का?

त्या मान हलवतायत. वेळ काय दिसते? चार पाच. बरोबर.

बाई, तुमची फीड कधीही उशिरा गेली नाही. हे तुमच्या मुलीसमोर सांगायला मला सात महिने लागले.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या ओघात मान्यवरांविषयी काही कमी-जास्त निघून गेलं असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. जे केलं, त्याची माफी मी इथे मागत नाही. ती देणारा माणूस या सभागृहात नाही. तो हल्ली सिस्टरच्या केंद्रात दुपारच्या पाळीला यंत्रावर असतो. साडेपाचला सुटतो. मी निघतो.