बाण हाललाच नाई

तुमी विचारता न, आमच्या घरी आई टीव्हीसमोर कीबोर्ड घेऊन काहून बसते?

माझी धाकटी बहीण वंदा आईच्या मनाविरुद्ध लग्न करून अकोल्याले गेली. चार वर्षं दोघी बोलल्या नाईत. बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी आईच मले म्हणे, "वंदाले म्हण, फोन कर. मले तिचं तोंड पाहू दे."

मी वंदाले सांगतलं, तं ती व्हिडिओ कॉल लावीन म्हणे. पण मोबाइलवर आईले नीट दिसत नाई. म्हणून मी कॉम्प्युटर टीव्हीले जोडला अन् टचपॅडवाला बिनवायरचा कीबोर्ड आणला. "फोन वाजला की या पट्टीवर बोट फिरव, बाण हिरव्या बटनावर ने अन् दाब," असं आईले शिकवलं अन् मी परतवाड्याले कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तं आई तशीच बसून होती. "तीनदा वाजलं रे. बाण हाललाच नाई."

जन्मभर कापूस वेचून तिची बोटं इतकी खरबडीत झालती, का टचपॅडले तिचं बोट कळेच ना.

मी वंदाले फोन लावला. ती म्हणे, "आईनं उचलला नाई, दादा. समजलं मले."

मी सगळं सांगतलं. मग ती म्हणे, "नुसतं एंटर दाबलं असतं तरी फोन उचलल्या गेला असता. हे तू तिले सांगतलं होतं का?"

नव्हतं सांगतलं.

"पाहीन, लावीन कधी," वंदा म्हणे. अजून लावला नाई. आई रोज बोटाले खोबरेल चोळून बसते. एंटरचं बटन तिले दाखवायची माझी हिंमत होत नाई.