आमच्या घरच्या निळ्या ट्रॅक्टरवरचे ठिपके

माहा जनम सावली तालुक्यातल्या धानाच्या गावातला. मायबाप दोघंही रोवण्याले जायचे, घर सारवाचं काम माह्याकडं. थे काऊन सांगून राह्यली, तर ताई, थेच सारवणं मले पुढं ट्रॅक्टर रंगवाले कामी आलं. हसू नका, खरंच सांगते.

लग्न होऊन इथी आली. आमचे हे सारी उमर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर डायव्हर. मंग एक भंगारातला ट्रॅक्टर घरी आणला, सुट्टी भेटली का त्याच्याच इंजिनात डोकं. ज्या दिवशी त्यानं पहिला धूर सोडला, मी सुपातले तांदूळ टाकून धावली, काय सांगू तुम्हाले, लेकरू पहिल्यांदा बोलावं तसं वाटलं.

पण रंग सारा गंजलेला. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. समितीचे पोट्टे आले, म्हणे भाऊ, मिरवणुकीचा रथ यंदा तुमच्या ट्रॅक्टरवर लावू, पण असा गंजका नाई चालत, रंग झाला तं सांगा, नाई तं ठेकेदाराचा नवा मागून आणतो. ताई, दरसाल मागूनच आणला आमच्या मोहल्ल्यानं. माह्या मनानं घेतलं, यंदा आपलाच.

आमच्या यायले रंगाच्या वासानं दम लागते, म्हणून स्प्रेगन माह्या हाती आली. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणला. यायनं सांगावं, मी करावं. डिझेलनं ग्रीस धुतलं, मंग साबणपाणी, तारेच्या ब्रशनं गंज काढला, प्रायमर मारला, टायर आन मीटर पेपरनं झाकले, तोंडाले मास्क. पहिले एका फुटक्या टिनावर हात बसवला. गन जवळ धरली तं ओघळ, लांब धरली तं रंग हवेतच सुके. वीतभर धराची आन हात चालता ठेवाचा, थांबवाचा नाई. आन पातळ, ताई, पातळ. घराची भीत सारवतो तशीच, पहिला हात पातळ, वाळू द्याचा, मंग दुसरा. आंगणात सडा मारला का धूळही दबते. बॉनेट असं निळं चमकलं का मीच माह्याकडं पाहून हसली त्यात.

आन तेवढ्यात हवा फिरली. घरामांगच्या मोहाच्या झाडाखाली आमच्या सासूनं पाला पेटवला होता. आमी तिले बाई म्हणतो. खाली साफ असलं का फुलं वेचाले सोपं जाते, दरसालचंच काम तिचं. सारी काळी राख उडत आली आन ओल्या रंगावर बसली. जयंती परवावर. बाई पदर घेऊन पुसाले धावली, तशे हे वरडले, हात नका लावू बाई, वाळू द्या.

शेजारची म्हणे, काऊन वो, ट्रॅक्टरचा चितळ केला का. सारा मोहल्ला हसला. मी हसली नाई. बाई त्या दिवशी जेवलीच नाई.

दुसऱ्या दिवशी मी उठून पाहते तं बाई आधीच उठलेली, पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन बॉनेट घासून राह्यली. मी म्हटलं राहू द्या बाई, मी करते. म्हणे, तू गन धर, घासाचं माह्याकडं. आन पुन्हा राख उडू नये म्हणून मोहाकडं कोनाले जाऊ देल्लं नाई तिनं. फुलं तशीच पडून. मी पुन्हा पातळ हात मारला, वाळला, पुन्हा मारला.

आन ताई, मिरवणूक! निळे झेंडे, डफडं, पुढं आमचा ट्रॅक्टर. दरसाल बाई मांगून पायी चाले, यंदा पोट्ट्यांनी तिले ट्रॉलीत फोटोजवळ बसवलं.

आता ट्रॅक्टर धानाच्या चिखलात जाते, भरून येते, मी धुते. मडगार्डच्या आतून राख घासाची राहून गेली होती, थे ठिपके अजून हायेत. मी म्हटलं, बाई, उरलेला रंग हाय, मारून टाकू का.

बाई म्हणे, राहू दे वो, तेवढा माहा हात हाय त्याच्यात.