वाया जाणारं ऊन

त्या सिनेमावरून भांडत बसू नका, आधी माझं ऐका. शेजारच्या अक्काला मीच तो बघायला नेलं होतं. पोस्टर पिवळंधमक, मला वाटलं लग्नाबिग्नाचा सिनेमा असेल. दिवाळीत तिचे यजमान, नाना, गेले, तेव्हापासून अक्का घराबाहेर पडली नव्हती. दरवर्षी अख्ख्या गल्लीचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्या तिच्याच गच्चीवर वाळायच्या आणि नाना काठी घेऊन कावळे हाकायचे. यंदा ती गच्चीवर पायच ठेवत नव्हती.

आणि सिनेमा निघाला नवरा गेलेल्या बाईचा! मला घामच फुटला. मधेच पडद्यावर एक रिकामी गच्ची आली, तिच्यावर नुसतं ऊन, आणि कॅमेरा काही हलेचना. जळगावचं पब्लिक ते, मागून शिट्ट्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेत एक बाई मुसमुसत होती. मी हळूच अक्काकडे बघितलं. ती टक लावून बसली होती, आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, "इतलं कडक ऊन, अन् बठ्ठं वाया जाई राह्यनं!"

सगळं थिएटर हसलं. अक्का नाही हसली.

बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता म्हणाली, "गल्लीमा सांगी दे, उद्या ज्वारी भिजत टाका."

"आणि कावळे कोण हाकणार?" मी विचारलं.

"तू शेस ना."

तेव्हा सिनेमा भंगार आहे असं तुम्ही खुशाल म्हणा. मी चार दिवस झाले, काठी घेऊन नानांच्या खुर्चीत बसतोय. मला तो आवडलाय.