सव्विसावी प्रत

नाव: वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे. गल्लीत मला सगळे जुळारीदादा म्हणतात.
वय: एकाहत्तर. दाखल्यावर एकोणसत्तर आहे, दाखला चुकीचा आहे.
शिक्षण: चौथी.
धंदा: खिळे जुळवणे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे हाताने ओळीत लावून छापणे. छापखाना स्वतःचा, यंत्र एक, पायाने चालवायचे.
राहणार: छापखान्याच्या वरची खोली.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, प्रथम उशिराबद्दल माफी असावी. घटनेला आज एकोणीस दिवस झाले. तिसऱ्या दिवशी मी येथे आलो होतो, पण दारावरच्या शिपायाने काय काम आहे असे विचारल्यावर "पत्ता चुकलो" म्हणून परत गेलो. सातव्या दिवशी समोरच्या फुटपाथपर्यंत आलो. माझा हा भित्रेपणा नोंदवून घ्यावा. आज लेखनिक हवालदारसाहेब माझे सांगणे उतरून घेत होते, परंतु अर्ध्या तासाने ते म्हणाले, "आजोबा, तुम्ही एक वाक्य पुढं जाता आणि दोन मागं येता. अक्षर बरं दिसतंय, तुम्हीच लिहा. मी वाचून शिक्का मारतो." म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खाडाखोड माझीच आहे.

ज्याच्याबद्दल हा जबाब आहे तो माझा पाठचा भाऊ, वय एकसष्ट. वडील गेले तेव्हा तो रांगतही नव्हता. मी चौथीतून उठून छापखान्यात लागलो आणि तो शिकत गेला. पुढे तो महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागला. मालक, मजूर, भांडवल, सत्ता यांवर तो लिहितो. तिसऱ्या पुस्तकानंतर त्याला नोकरीवरून कमी केले. गल्लीत त्याला लाल पंडित म्हणतात. तशी हाक मारली तरी तो वळून पाहतो, म्हणजे त्याला ते चालते.

त्याची चारही पुस्तके मी जुळवली. जुळारी वाचत नाही, त्याच्या हातात अक्षर उलटे असते. तरी एकेक खिळा उचलताना काही ना काही आत झिरपतेच. पाचवे पुस्तक बत्तीस पानांचे, 'सवयीचे राज्य'. साहेबांनी विचारले की त्यात काय आहे, म्हणून मला समजले तेवढे लिहितो. गिरणीत मजूर दिवसभर राबतो आणि त्याच्या श्रमाचा मोठा वाटा मालक नेतो, हे जुन्या लोकांनी सांगितले. माझा भाऊ म्हणतो की हुकूम पाळणे हेही श्रमच आहेत. रांगेत उभे राहणे, फॉर्म भरणे, साहेब आला की उठणे, हे आपण रोज फुकट राबतो आणि त्यावर सत्ता उभी राहते. तिला शिपाई थोडे लागतात, बाकी काम लोकांची सवय करते. कामाचा संप पुष्कळांनी केला, सवयीचा संप अजून कोणी केलेला नाही, असे त्यात शेवटी आहे. कोणाला मारा, काही जाळा, असे एका ओळीतही नाही. एकूण एक अक्षर माझ्या बोटांखालून गेले आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

जुळवताना मी त्याला म्हटले होते, "मग सकाळी दात घासायचे नाहीत काय?"

तो म्हणाला, "दादा, या शंकेनं माझं अख्खं प्रकरण आडवं झालं. तळटीप घालतो." आणि खरोखर घातली. पान सतरा, 'एका जुळाऱ्याची शंका'. उत्तर मात्र दिलेले नाही.

हे पुस्तक कच्चे आहे, असे तो म्हणे. त्याच्या शब्दांत, "पंचवीसच प्रती काढ. मित्र वाचतील, शिव्या घालतील, मग मी सुधारीन. माझं नाव नको, छापखान्याचं नको, आणि कचेरीत प्रत द्यायची नाही. ध्यानात राहील ना?" मी म्हटले, "मी काय दुधखुळा आहे?"

कचेरीचा खुलासा असा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापणाऱ्याचे नाव व पत्ता लागतो, आणि एक प्रत नोंदणी कचेरीत द्यावी लागते. मी अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. सर्व पावत्या तारेला टोचून ठेवल्या आहेत, केव्हाही तपासाव्यात. गिऱ्हाईक पन्नास प्रती सांगो की पाचशे, मी एक जास्त काढतो. ती कचेरीची.

पंचवीस प्रती काढल्यावर मी यंत्र थांबवले नाही. शेवटच्या पानाखाली छापखान्याची ओळ होती. ती मी जुळवलेली मला आठवत नाही. ती ओळ कायम बांधून फळीवर ठेवलेली असते, शेवटचे पान झाले की हात आपोआप तिकडे जातो. मंगळवारी सकाळी शाळेचा अंक, पतपेढीचा अहवाल आणि एक कवितासंग्रह कचेरीत द्यायचे होते. कारकुनाने शिक्का मारून पावती दिली. जिन्यात मी ती वाचली. तीन नगांऐवजी चार लिहिले होते. चौथा नग भावाची सव्विसावी प्रत, नेहमीसारखी मीच गठ्ठ्यात बांधलेली.

मी पायरीवर बसलो. वर जाऊन प्रत परत मागावी असे मनात आले, पण मागितली तर उलट संशय येईल असे वाटले. शिवाय तिथे कोणी काही वाचत नाही, गठ्ठे धूळ खात पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अंदाजे पंधरा मिनिटे बसलो असेन. नंतर घरी गेलो.

भाऊ रोज एक वाजता डबा घेऊन छापखान्यात येतो व आम्ही दोघे जेवतो. त्यानंतर तो नऊ दिवस आला. नऊही दिवस मी त्याला काही सांगितले नाही. एकदा तो म्हणाला, "दादा, जेवण जात नाही का? पोट बिघडलंय?" मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी मऊ भात आणला.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, साडेबाराच्या सुमारास दोन इसम आले. साधे कपडे. एक उंच, एक चष्मेवाला. मला वाटले, लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक. चष्मेवाल्याने पिशवीतून ते पुस्तक काढले. माझी पाचावर धारण बसली. पण तो म्हणाला, "किती सुबक छापलंय. हल्ली असं काम बघायला मिळत नाही. शाई कुठंही फुटलेली नाही."

मी त्यांना स्टूल दिले. अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या छपाईबद्दल असे कोणी बोलले नव्हते.

तो म्हणाला, "लेखकाचं नाव राहिलंय वाटतं. विचार मोठे आहेत. कोणी लिहिलं?"

मी म्हटले, "धाकट्यानं. माझा भाऊ. बसा, एक वाजता येईलच जेवायला."

हे मी बोललो. मला कोणी दमदाटी केली नाही, धाक घातला नाही. जिभेला हाड नसते म्हणतात, पण माझी जीभ त्या दिवशी घसरली नव्हती, तिला बोलायचे होते. हे वाक्य जबाबातून गाळू नये.

भाऊ एकला पाच कमी असताना आला. उंच इसम दाराशी जाऊन उभा राहिला. भावाने चष्मेवाल्याच्या हातातले पुस्तक पाहिले. ते घेऊन शेवटचे पान उघडले. मग माझ्याकडे पाहिले. लहानपणापासून तो मला चिडवायचा की माझी शेवटची ओळ नेहमी उजवीकडे उतरते. तो म्हणाला, "दादा, या खेपेला सरळ बसलीय."



उंच इसम म्हणाला, "चला, दहा मिनिटांचं काम आहे." भावाने डबा टेबलावर ठेवला व म्हणाला, "तू जेवून घे." ते त्याला राखाडी गाडीतून घेऊन गेले. नंबर मी पाहिला नाही. डोळे यंत्राकडे होते.

त्यानंतर भाऊ परत आलेला नाही. भावजय रोज फिरते आहे. तीन ठाणी, दोन इस्पितळे, न्यायालय झाले. सगळीकडे "आमच्याकडे असा कोणी आणलेला नाही" एवढेच उत्तर. तिने मला विचारले, "भाऊजी, त्यांना इथला पत्ता कोणी दिला असेल?" मी म्हटले, "काय कळायला मार्ग आहे." ती आता बाहेर बाकावर बसली आहे. मी हरवल्याची तक्रार लिहितो आहे, असे तिला वाटते.

माझे म्हणणे असे की, छापणारा मी, ओळ माझी, प्रत मी दिली, नाव मी सांगितले. भावाने तिन्ही गोष्टींना मनाई केली होती. कायद्यात छापणारा जबाबदार असतो हे मला पाठ आहे. तरी मला ठेवून घ्यावे व त्याला सोडावे. माझे यात काही बिघडत नाही, मागे कोणी नाही.

इथवर लिहून कागद हवालदारसाहेबांना दिला. त्यांनी तो नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. मी दोनदा सांगितले की हळू वाचा, पण त्यांचा आवाजच तसा आहे आणि दार उघडे होते. मी जिन्यात बसलो तो मजकूर वाचून होईपर्यंत भावजय बाकावर होती. चष्मेवाल्याला मी नाव सांगितले तो भाग वाचून झाला तेव्हा ती उठली. मी हाक मारली. तिने छत्री उचलली व मागे न बघता रस्ता ओलांडून गेली. मजकूर ऐकला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, कमी-जास्त काही नाही.

मला ठेवून घेता येत नाही, तसा हुकूम नाही, असे साहेब म्हणतात. तेव्हा घरी जातो. भावजयीकडून आता मला काही कळणार नाही, म्हणून ही विनंती. त्या पुस्तकाची शेवटची आठ पाने जुळवलेली तशीच सुतळीने बांधून ठेवली आहेत. त्यांत त्याला दुरुस्ती करायची होती. माझ्याकडे खिळे थोडे, ते अडकल्यामुळे दुसरे काम घेता येत नाही, तरी त्याची काही तक्रार नाही. फक्त ती पाने ठेवायची की सोडून अक्षरे परत खणांत टाकायची, एवढे कोणाकडून तरी लवकर कळवावे. मी सकाळी आठपासून छापखान्यातच असतो.